रक्त जंतू मारतं, मग हिरडीतले जंतू त्यातून सुटतात कसे?

आमच्या कोलशेत रोडच्या सोसायटीत दरवर्षी क्लबहाऊसमध्ये रक्तदान शिबिर असतं आणि दरवर्षी कोणीतरी फॉर्मच्या त्याच प्रश्नावर अडकतं. गेल्या सहा महिन्यांत टॅटू काढलाय का, कान टोचलेत का, दात काढलाय का. यंदा बी विंगमधल्या एका मुलाने खरं काय ते लिहिलं, अक्कलदाढ काढली होती, आणि त्याला परत पाठवलं. तो म्हणाला, "मॅडम, दाढ काढलीय, रक्ताचा काय संबंध?" मॅडमच्या समोर रांग लागलेली, त्या एवढंच म्हणाल्या की नियम आहे. मग चहा-बिस्किटांच्या टेबलावर बसलेल्या एका काकांनी निकाल देऊन टाकला, की दाढ काढली की तोंडातले सगळे जंतू रक्तात उतरतात आणि रक्त नासतं. झालं, ग्रुपवर पुढे तेच सुरू.

काकांचं अर्धं बरोबर आहे. दात काढताना जंतू रक्तात जातात हे खरं. पण रक्त नासत वगैरे नाही, बहुतेकांच्या रक्तातून ते तासाभरात साफ होतात. आणि फॉर्ममधले ते सहा महिने या जंतूंसाठी नाहीतच मुळी. टॅटू आणि कान टोचण्याच्या शेजारी दात काढणं लिहिलंय त्यावरूनच कळतं, काळजी आहे ती सुया-हत्यारांतून येणाऱ्या बी आणि सी काविळीची, एचआयव्हीची.

पण त्या मुलाच्या प्रश्नात एक वेगळीच भारी गोष्ट लपलीय. आपल्या रक्तात जंतू मारायची तयार सोय असते, आत्ता काढलेल्या रक्ताच्या सीरममध्ये लॅबमधले साधे ई. कोलाय नावाचे जंतू टाकले तर बघता बघता मरतात, त्यासाठी ना अँटिबायोटिक लागतं ना पांढऱ्या पेशी. मग तोंडातले काही जंतू त्याच सीरममध्ये मजेत कसे राहतात?

आधी सीरम म्हणजे काय

पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर सीरम क्रिएटिनिन, सीरम आयर्न असं लिहिलेलं असतं, तेच हे सीरम. रक्त नळीत काढून ठेवलं की गोठतं, मग मशीनमध्ये गरगर फिरवलं की लाल गठ्ठा खाली बसतो आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं. त्यात पेशी नाहीत, गोठवणारे पदार्थ वापरून संपलेत, पण बाकी हजारो प्रथिनं आहेत, म्हणजे प्रोटीन्स.

हे पिवळं पाणी स्वतःच जंतू मारतं हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लक्षात आलं. ज्यूल बोर्डे नावाचा बेल्जियन डॉक्टर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होता, त्याने १८९५ च्या आसपास दाखवलं की सीरम ५५-५६ डिग्रीला तापवलं की त्याची मारायची ताकद जाते, आणि त्यात थोडंसं न तापवलेलं सीरम घातलं की परत येते. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एक उष्णता सहन करणारी, ती म्हणजे अँटिबॉडी, आणि दुसरी नाजूक. या नाजूक गोष्टीला पुढे कॉम्प्लिमेंट म्हणायला लागले. बोर्डेला १९१९ चं नोबेल मिळालं.

कॉम्प्लिमेंट हे एक प्रोटीन नाही, तीसहून जास्त प्रोटीन्सचा ताफा आहे, बहुतेक लिव्हरमध्ये बनतात आणि रक्तात झोपलेल्या अवस्थेत फिरत असतात. यातलं सगळ्यात महत्त्वाचं सी-थ्री. जंतू दिसला (दिसला म्हणजे त्याच्या अंगावर अँटिबॉडी चिकटली, किंवा त्याच्या अंगावरची साखर ओळखीची निघाली, किंवा काहीच नाही आणि सी-थ्री आपोआप थोडं थोडं फुटत असतं त्यातलं त्याच्यावर पडलं) की सी-थ्रीचे दोन तुकडे होतात आणि मोठा तुकडा जंतूच्या अंगाला कायमचा चिकटतो. एक चिकटला की तो अजून सी-थ्री फोडायची यंत्रणा उभी करतो, त्यातून अजून चिकटतात, आणि थोड्याच वेळात जंतूचं अख्खं अंग या तुकड्यांनी भरून जातं.

आता पुढे दोन गोष्टी होतात. पांढऱ्या पेशींना हे तुकडे ओळखता येतात, त्या येऊन जंतूला गिळतात. आणि दुसरी, सी-फाइव्ह पासून सी-नाइन पर्यंतची प्रोटीन्स एकत्र येऊन जंतूच्या पातळ आवरणात भोक पाडतात. शेवटच्या सी-नाइनचे अठरापर्यंत रेणू गोल कडं करून बसतात आणि मधे जे भोक पडतं ते साधारण १० नॅनोमीटरचं, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. जंतूसाठी तेवढं पुरे. पाणी आत, क्षार बाहेर, खेळ खलास.

मग तोंडातले जंतू लगेच मरायला हवेत ना?

इथे पहिला झटका. तोंडातल्या जंतूंमधली मोठी जमात म्हणजे स्ट्रेप्टोकोकस, दातावर सकाळी जो चिकट थर जाणवतो त्यात हे सगळ्यात आधी येऊन बसतात, आणि यांना भोक पाडणारा प्रकार लागूच होत नाही. कारण साधं आहे. १८८४ साली हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने जंतू रंगवायची एक पद्धत काढली, तिच्यामुळे जंतूंचे दोन गट पडले. एका गटाच्या आवरणाबाहेर जाड भिंत असते, दुसऱ्याची भिंत पातळ आणि तिच्याबाहेर अजून एक तेलकट आवरण. भोक पाडणारं कडं या बाहेरच्या तेलकट आवरणात बसतं. स्ट्रेप्टोकोकस जाड भिंतवाला, त्याचं नाजूक आवरण भिंतीच्या आत दडलेलं, कडं तिथपर्यंत नीट पोचतच नाही. नुसत्या सीरमने तो मरत नाही, त्याला पांढऱ्या पेशीनेच गिळावं लागतं.

म्हणजे "सीरमला पुरून उरणारे जंतू" असं म्हणताना खरी चर्चा असते ती पातळ भिंतवाल्यांची. हे राहतात कुठे? दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत, खोल, जिथे हवा जात नाही. आपल्याकडे ज्याला पायोरिया म्हणतात, हिरड्या सुजणं, रक्त येणं, हाड झिजणं आणि शेवटी दात हलणं, त्यात यांचा हात असतो.

हिरडीतून सीरम रोज पाझरतं

मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट ही आहे आणि लोकांना ती माहीतच नसते. आपल्याला वाटतं जंतू तोंडात राहतात, तिथे लाळ आहे, रक्त वेगळीकडे आहे, आणि दाढ काढली की बिचारे एकदम अनोळखी ठिकाणी जाऊन पडतात. तसं नाहीये. दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत सतत एक द्रव पाझरत असतो, हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपून आलेला, आणि तो बराचसा सीरमसारखाच असतो. कॉम्प्लिमेंटची प्रोटीन्स त्यात सीरममधल्या प्रमाणाच्या ७० टक्क्यांपर्यंत मोजली गेलीत. हिरडी सुजली की हा पाझर अजून वाढतो.

म्हणजे त्या फटीत राहणारा जंतू चोवीस तास सीरममध्येच बुडालेला आहे. जे जंतू सीरमने मरतात ते तिथे सहसा टिकत नाहीत, जे टिकले त्यांच्याकडे काहीतरी युक्ती आहे म्हणूनच टिकले. रक्तात गेल्यावर ते काही नवीन शिकत नाहीत, आधीच सगळं शिकून आलेले असतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं.

स्टिकर चोरणारे

कॉम्प्लिमेंट इतकं आंधळं आणि जलद असेल तर ते आपल्या स्वतःच्या पेशींना का मारत नाही? मारलं असतं, पण आपल्या पेशींकडे बचाव आहे. घोडबंदर रोडच्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये गाडीच्या काचेवर सोसायटीचा स्टिकर असतो ना, वॉचमन गाडीत कोण बसलंय ते बघत नाही, स्टिकर बघतो आणि बूम वर करतो, तसंच इथे चालतं. रक्तात फॅक्टर एच नावाचं आणि सी-फोर-बी-पी नावाचं अशी दोन प्रोटीन्स फिरतात, ती आपल्या पेशींच्या अंगावर बसतात आणि तिथे चालू झालेलं कॉम्प्लिमेंट बंद करतात.

आणि हे स्टिकर रक्तात मोकळेच फिरतायत. जंतूंनी काय केलं, त्यांना पकडायला स्वतःच्या अंगावर हूक बनवले. ट्रेपोनिमा डेंटिकोला नावाचा स्प्रिंगसारखा वेटोळा जंतू आहे, पायोरियाच्या खोल खिशात भरपूर सापडतो, तो एका खास प्रोटीनने फॅक्टर एच पकडतो. अ‍ॅग्रिगेटिबॅक्टर नावाचा दुसरा एक (पूर्ण नाव एवढं लांब आहे की डेंटलची पोरं पण त्याला ए-ए म्हणतात) तो पण फॅक्टर एच पकडतो, वर पांढऱ्या पेशी फोडणारं एक विषही सोडतो. आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, ज्याला पुढे आपण पी. जिंजिव्हॅलिस म्हणू, तो सी-फोर-बी-पी पकडतो, हे स्वीडनमधल्या गटाने २००८ मध्ये दाखवलं. वॉचमनला गाडीवर स्टिकर दिसतोय, तो सोडतोय. त्याची चूक आहे का? नाही, त्याला तेवढंच काम दिलंय.

सगळेच असे चोर नाहीत हां. एकाच जातीच्या जंतूंमध्येही काही उपजाती सीरममध्ये मरतात आणि काही मरत नाहीत, त्यामुळे "अमुक जंतू सापडला म्हणजे धोका" असं थेट म्हणता येत नाही.

पी. जिंजिव्हॅलिसचं जरा नीट बघू

याच्यावर जास्त थांबतोय कारण हा खरंच अवली आहे.

पहिलं म्हणजे हा साखर खातच नाही. दात किडवणारे जंतू साखरेवर जगतात, हा प्रोटीनवर. आणि याला रक्तातला लोहाचा भाग लागतो, हिमोग्लोबिनमधून तो काढून अंगावर साठवतो, त्यामुळे लॅबमध्ये रक्त घातलेल्या प्लेटवर वाढवला की काळे ठिपके दिसतात. आता विचार करा, प्रोटीन आणि रक्त कुठे मिळणार? सुजलेल्या हिरडीत. म्हणजे सूज ही त्याच्यासाठी शिक्षा नाही, जेवणाची सोय आहे.

दुसरं, तो जिंजिपेन नावाची एन्झाइम्स बनवतो, प्रोटीन कापणारी. ही सी-थ्री, सी-फोर, सी-फाइव्ह सगळ्यांचे तुकडे करतात, वेडेवाकडे, निकामी. प्रेव्होटेला नावाचा त्याचा शेजारीही असंच एक एन्झाइम बनवतो. मला वाटलेलं की मग सीरममधून वाचायचं गुपित हेच असणार, आणि खूप लोकांना तसंच वाटत होतं, पण २००६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी जिंजिपेन बनवता न येणारे पी. जिंजिव्हॅलिस घेतले आणि सीरममध्ये टाकले, तर ते तरीही जगले! मेले ते दुसरेच, ज्यांच्या बाहेरच्या आवरणावरची एक खास लांब साखळीची साखर काढून टाकली होती. म्हणजे या जंतूच्या बाबतीत खरं चिलखत आहे ती साखर, तिच्यामुळे भोक पाडणारं कडं अंगावर जमतच नाही. जिंजिपेनची कात्री आहेच, पण ती जास्त करून इतर कामांसाठी.

त्यातलं एक काम ऐकून मी तर हबकलो. सी-फाइव्ह कापताना हा त्यातला एक छोटा तुकडा शाबूत मोकळा सोडतो, आणि तो तुकडा म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावणारा सिग्नल. स्वतःच्या मारेकऱ्यांना कोण बोलावेल? पण २०१४ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की हा जंतू त्याच वेळी पांढऱ्या पेशीच्या दुसऱ्या एका बटणालाही हात लावतो, आणि दोन्ही सिग्नल एकत्र गेले की पेशीची मारायची ताकद बंद पडते आणि सूज मात्र चालू राहते. पेशी येतात, गोंधळ घालतात, हिरडीचं आणि हाडाचं नुकसान करतात, जंतू सुखरूप. आणि गंमत म्हणजे नुसता हा एकटा, बाकी कुठलेही जंतू नसलेल्या उंदरांच्या तोंडात सोडला तर हाड झिजत नाही. याला बाकीची गँग लागते. हा संख्येने अगदी थोडा असतो, पण सगळ्या वस्तीचा तोल बिघडवतो.

बाकी एक युक्ती पटकन सांगतो: हे जंतू स्वतःच्या आवरणाचे बारीक फुगे सोडत असतात, कॉम्प्लिमेंट त्या फुग्यांवर खर्च होतं आणि जंतूपर्यंत कमी पोचतं.

हे कळतं कसं, कोणी बघितलंय?

वाजवी शंका आहे. टेस्ट मात्र फार साधी आहे. निरोगी माणसाचं ताजं सीरम घ्यायचं, त्याचे दोन भाग करायचे, एक तसाच ठेवायचा आणि दुसरा ५६ डिग्रीला अर्धा तास तापवायचा, म्हणजे बोर्डेने केलेलंच. दोन्हीत मोजून जंतू घालायचे, ३७ डिग्रीला तासभर ठेवायचे, मग प्लेटवर पसरून किती ठिपके उगवतात ते मोजायचं. तापवलेल्यात जगले आणि ताज्यात मेले तर जंतू सीरमने मरणारा. दोन्हीकडे सारखेच उगवले तर हा पुरून उरणारा. पी. जिंजिव्हॅलिसचा वैताग एवढाच की त्याला ऑक्सिजन चालत नाही आणि ठिपके यायला कितीतरी दिवस लागतात, लॅबवाल्यांचा अंत बघतो.

पण हे नळीतलं झालं हे लक्षात ठेवा. अंगात रक्त वाहतंय, लिव्हरमध्ये आणि प्लीहेत जंतू गिळणाऱ्या पेशी ठाण मांडून बसल्यात, कॉम्प्लिमेंटने खूण केलेला जंतू तिथून जाताना पकडला जातो. म्हणून सीरममध्ये न मरणारे जंतूही बहुतेक वेळा रक्तातून थोड्याच वेळात गायब होतात.

म्हणजे ब्रश केल्यावरही जंतू रक्तात जातात? मग ब्रशच नको

जातात. जंतू रक्तात सापडण्याला बॅक्टेरिमिया म्हणतात, आणि २००८ मध्ये अमेरिकेत २९० लोकांवर केलेल्या अभ्यासात हृदयाला त्रास देऊ शकणाऱ्या जातींचा बॅक्टेरिमिया नुसत्या ब्रशनंतर २३ टक्के जणांत मिळाला, दात काढल्यावर ६० टक्के, आणि आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक देऊन दात काढला तर ३३ टक्के. नुसतं चावतानाही थोडंफार होत असतं.

पण "मग ब्रशच नको" हा उलटा निष्कर्ष आहे. त्याच गटाने नंतर बघितलं की कोणाच्या रक्तात जास्त जातात, तर ज्यांच्या दातांवर थर आणि किटण जास्त त्यांच्या, आणि ब्रश केल्यावर ज्यांच्या हिरड्यांतून सगळीकडून रक्त येतं त्यांच्यात तर धोका जवळपास आठपट. दात काढणं आयुष्यात दोन-चारदा होतं, चावणं रोज तीन-चारदा. सुजलेल्या हिरडीच्या फटीला आतून जखमच असते, दार सतत उघडं. म्हणून हिरडीतून रक्त येतंय म्हणून त्या जागी ब्रश लावायचं टाळणं हे सगळ्यात वाईट, आणि आपल्याकडे बहुतेक लोक नेमकं तेच करतात.

सिगारेट ओढणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त यायचं कमी होतं, त्यामुळे "माझ्या हिरडीतून तर कधी रक्त येत नाही" याला काही अर्थ उरत नाही, आतून हाड झिजत असू शकतं.

माउथवॉशने काम होईल का? वरवर. त्या फटीच्या तळापर्यंत माउथवॉश जात नाही, आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा जास्त दिवस वापरला तर दात तपकिरी होतात, चवही बिघडते. किटण जमलं की ते डेंटिस्टकडे जाऊन स्केलिंग करूनच निघतं. स्केलिंगने दात सैल होतात असं आमच्याकडे कितीतरी मावश्या सांगतात, पण होतं असं की दात आधीच सैल असतो, किटणाने धरून ठेवलेला वाटतो. पैशाचा प्रश्न असेल तर नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या पट्ट्यात डेंटल कॉलेजं आहेत, तिथे हे काम बाहेरच्यापेक्षा बरंच कमी पैशात होतं, फक्त वेळ काढून जावं लागतं.

मग आधीच एक अँटिबायोटिक घेऊन टाकलं तर?

मेडिकलमधून पट्टी आणून दाढ काढायच्या आदल्या दिवसापासून सुरू करणारे लोक मी बघितलेत. सरसकट असं करायची गरज नाही. पूर्वी बऱ्याच हृदयरोग्यांना द्यायचे, पण २००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने यादी एकदम छोटी केली आणि २०२१ मध्ये तीच कायम ठेवली: कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेले, आधी एकदा हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग झालेले, काही ठरावीक जन्मजात दोष असलेले, आणि हृदय बदलल्यावर व्हॉल्व्ह बिघडलेले. कारण वरचेच आकडे, रोजच्या चावण्या-ब्रशने जे होतंय ते एका गोळीने थांबणार नाही, आणि विनाकारण गोळ्यांनी जंतू अँटिबायोटिकला दाद देईनासे होतात ते वेगळंच.

आपल्याकडे लहानपणी रूमॅटिक ताप येऊन व्हॉल्व्ह खराब झालेली माणसं भरपूर आहेत. त्यांनी ही यादी वाचून स्वतः ठरवू नये, कार्डिओलॉजिस्टला विचारावं, आणि डेंटिस्टच्या खुर्चीत बसण्याआधी हृदयाचं सांगावं. हे सांगायला लोक लाजतात किंवा विसरतात, का ते मला कळत नाही.

इम्युनिटी वाढवली तर?

काढा, गुळवेल, पावडरी. बघा, अडचण कॉम्प्लिमेंट कमी असण्याची नाहीच. सी-थ्री रक्तात भरपूर असतं, लिटरला साधारण एक ग्रॅम. अडचण ही की जंतू त्याला चकवतात, आणि वर सूज वाढली की त्यांचंच पोट भरतं. जास्त वॉचमन ठेवून उपयोग काय, स्टिकर तर खराच दिसतोय.

उलट बाजूचा पुरावाही आहे. रक्ताच्या एका दुर्मीळ आजारात सी-फाइव्ह बंद करणारं इक्युलिझुमॅब हे औषध २००७ पासून वापरतात. भोक पाडणारी यंत्रणाच बंद, तर या लोकांना तोंडातल्या सगळ्या जंतूंनी खायला हवं होतं ना? तसं होत नाही. त्यांना प्रचंड वाढलेला धोका असतो तो मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकोकसचा, हजार ते दोन हजार पट, म्हणून आधी त्याची लस देतात. म्हणजे भोक पाडणं ठरावीक जंतूंविरुद्धच फार महत्त्वाचं आहे, बाकीचं काम गिळणाऱ्या पेशी करतात.

यातूनच एक मजेशीर कल्पना आली: हिरडीत कॉम्प्लिमेंट वाढवायचं कशाला, कमी करून बघू. सी-थ्रीला रोखणारं एक औषध हिरडीत टोचून ४० जणांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आले, सूज आणि रक्त येणं कमी झालं. छोटी चाचणी आहे, दुकानात काही मिळत नाही, पण दिशा पटण्यासारखी आहे, जंतूंचं जेवण बंद करायचं.

ते अल्झायमरचं खरं का?

२०१९ मध्ये मोठ्या बातम्या आल्या होत्या, अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत पी. जिंजिव्हॅलिसची जिंजिपेन सापडली म्हणून. मग जिंजिपेन रोखणारी गोळी बनली, सहाशेहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, आणि २०२१ च्या शेवटी कळलं की ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही, स्मरणशक्ती घसरायची थांबली नाही. ती बातमी मात्र फॉरवर्ड झाली नाही. हिरडीचे आजार आणि डायबेटिस यांचं नातं त्यापेक्षा कितीतरी पक्कं आहे, शुगर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडी नीट केली की तीन महिन्यांची साखर थोडीशी का होईना खाली येते.

मग खरं घाबरायचं कधी?

बहुतेकांनी नाही. पण ज्यांचा व्हॉल्व्ह कृत्रिम आहे किंवा आधीच खराब आहे त्यांच्यात रक्तातून जाणारा एखादा स्ट्रेप्टोकोकस त्या खडबडीत जागेवर चिकटतो, त्याच्यावर रक्ताची गुठळी जमते, आणि त्या गुठळीच्या आत पांढऱ्या पेशी शिरत नाहीत. सीरम बाहेरून वाहत राहतं, आत त्याचं काही चालत नाही. हाच तो हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग. हा आजार धाडकन येत नाही, बारीक ताप, घाम, भूक नाही, वजन उतरतंय, असं कितीतरी आठवडे चालतं आणि घरचे म्हणतात व्हायरल असेल, पावसाळा आहे, डेंग्यूची टेस्ट करून घ्या.

अशा माणसाला आठवडाभराच्या वर ताप राहिला तर ओळखीच्या केमिस्टकडून अँटिबायोटिकची पट्टी घेऊन सुरू करू नका. दोन गोळ्यांनी ताप उतरतो, जंतू गुठळीत शिल्लक राहतात, आणि नंतर हॉस्पिटलमध्ये ब्लड कल्चर केलं, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघितले, तर प्लेटवर काहीच उगवत नाही, मग कुठला जंतू आणि कुठलं औषध हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागतं. कल्चरसाठी रक्त आधी काढून घ्यायचं, तेही एकदाच नाही, वेगवेगळ्या ठिकाणाहून दोन-तीनदा काढतात, त्यामुळे "किती रक्त काढताय" म्हणून तिथल्या सिस्टरशी वाद घालू नका.